जर्नीमन म्हणजे ‘प्रवासी’ नव्हे

‘जर्नीमन गोलटेंडर’ला मराठीत काय म्हणायचं, असं एका वाचकांनी विचारलं आहे. कॅनडातल्या एका आइस हॉकीपटूवरचा लेख ते मराठीत आणत आहेत आणि त्यांना ‘प्रवासी गोलरक्षक’ व ‘भटका गोलरक्षक’ असे दोन पर्याय सुचवले गेले. दोन्ही साफ चूक. ‘जर्नी’ दिसली की प्रवास लिहून मोकळं व्हायचं, ही खोड आता क्रीडा पानांपासून समालोचनापर्यंत सगळीकडे पसरली आहे आणि ती ऐकून ऐकून कान किटले आहेत.

गोलटेंडर म्हणजे गोलरक्षक, त्यात चर्चेला काही नाही. खेळाच्या भाषेत जर्नीमन म्हणजे कामात पक्का, पण ज्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत असा व्यावसायिक खेळाडू. बहुधा त्याने बरेच संघ बदललेले असतात आणि सगळा घोटाळा या ‘बहुधा’तून होतो.

शब्दाचं मूळ फ्रेंच ‘जुर्ने’, म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. त्याच्या मागे लॅटिन ‘दिउर्नुस’, आणि त्याचं कूळ आपल्या ‘दिवस’चंच. इंग्रजीतली ‘जर्नी’सुद्धा आधी एका दिवसात कापायचं अंतर होती, म्हणजे आपली मजल. जर्नीमन मात्र मजल दरमजल करणारा माणूस नाही. तो उमेदवारी संपवून दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर. स्पॅनिशमध्ये शेतावरच्या रोजंदाराला आजही ‘होर्नालेरो’ म्हणतात. शब्द त्याच घरातला, आणि त्याला कुणी प्रवासी समजत नाही.

आता मराठी पाहा. ‘गवंड्याचा रोज किती?’ असं आपण विचारतो तेव्हा ‘रोज’ म्हणजे दिवस नसतो, दिवसाची मजुरी असते. फ्रेंच शब्दाने जे वळण घेतलं तेच फारसीतून आलेल्या या शब्दाने आपल्याकडे घेतलं. पेशवाईतल्या कागदांत शिपायांचा ‘रोजमुरा’ भेटतो तोही याच घरातला. शुद्धिवादी मंडळी ‘रोज’ परका म्हणून हाकलायला निघतात, त्यांनी जरा खोलात जावं. जुन्या इराणी भाषेत ‘रओचह्’ म्हणजे उजेड, आणि त्याचं सख्खं भावंड संस्कृतातलं ‘रुच्’. रोज आणि रुची, रोज आणि रोचन एकाच मुळाचे! उजेड म्हणून दिवस, दिवस म्हणून मजुरी. ‘दिवस’च्या मुळाशीही चकाकणंच आहे. असा शब्द परका कसा?

काही जाणकार जर्मनीकडे बोट दाखवतात. तिथले तरुण सुतार-गवंडी शिकणं संपल्यावर तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरत, म्हणून जर्नीमन फिरस्ताच, असा त्यांचा दावा. ही प्रथा खरी, पण दावा पोकळ. त्या कारागिराचं जर्मन नाव ‘गेझेले’, म्हणजे एका दालनात सोबत राहणारा, सोबती. फिरण्याला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे. जर्मन माणसाच्या पायपिटीवरून इंग्रजी शब्दाचा अर्थ लावणं ही व्युत्पत्ती नव्हे.

मग सगळ्यांना प्रवासच का आठवतो? गॅरी स्मिथसारख्यांमुळे. 1944 साली ओटावात जन्मलेल्या या गोलरक्षकाचं टोपणनावच ‘सूटकेस’. टोरांटो, ओकलंड (पुढे त्याच संघाचं नाव कॅलिफोर्निया झालं), शिकागो, व्हँकुव्हर, मिनेसोटा, वॉशिंग्टन, इंडियानापोलिस, विनिपेग, एवढी ठिकाणं त्याने पाहिली. पण नुसती बॅग मोजली तर त्याचं काम दिसत नाही. 1970-71 मध्ये कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाकडून तो 48 सामने हरला. एका हंगामात एका गोलरक्षकाच्या नावावर एवढ्या हारी लागणं हा विक्रमच. पुढच्याच वर्षी शिकागोत त्याने टोनी एस्पोझिटोसोबत व्हेझिना करंडक घेतला, जो तेव्हा सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांना मिळत असे. एका उन्हाळ्यात माणसाचे हात बदलले नव्हते, त्याच्या पुढे उभे राहणारे बचावपटू बदलले होते. 1974-75 मध्ये व्हँकुव्हरने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला तोही स्मिथच्या 32 विजयांच्या जोरावर. 1979 मध्ये एनएचएल या मुख्य लीगशी टक्कर देणारी डब्ल्यूएचए ही दुसरी लीग कायमची बंद झाली, तेव्हा तिच्या अखेरच्या अंतिम सामन्यात एडमंटनला 7-3 हरवणाऱ्या विनिपेगच्या गोलमध्येही तोच होता.

आणि हॉकीत तर ‘रोज’ अक्षरशः जिवंत आहे, हे प्रवासवाल्यांच्या ध्यानात कसं येत नाही? एनएचएलचा पगार दिवसावर मोजला जातो. 2025-26 च्या हंगामात किमान वेतन होतं 7,75,000 डॉलर आणि हंगामाचे दिवस साधारण 190, म्हणजे रोज पडला चार हजार डॉलरच्या आसपास. दुहेरी दराच्या करारावरचा गोलरक्षक वरच्या संघात असेल त्या दिवसांचं हे मोल. खालच्या लीगमध्ये धाडला की त्या दिवसापासून दर खालचा, आणि तो कितीतरी कमी. वरच्या संघाचा गोलरक्षक जायबंदी झाला की याला बोलावणं, तो बरा झाला की परत पाठवणी. याचा हिशेब मैलांत होत नाही, दिवसांत होतो.

तरीही मी ‘रोजंदार गोलरक्षक’ सुचवणार नाही. आज रोजंदार म्हटलं की बिगारी डोळ्यांपुढे येतो आणि उमेदवारी करून आलेलं कौशल्य गळून पडतं. त्याऐवजी ‘कसबी’ घ्या. अरबीत ‘कस्ब’ म्हणजे कमाई. मराठीत येता येता कमाईचं कौशल्य झालं. दिवसाच्या मजुरीवरून कारागिराचं नाव पडावं, तसंच हे कमाईवरून हुन्नराचं. ‘कसबीण’ला वेगळा अर्थ चिकटला आहे खरा, पण ‘कसबी’ हे विशेषण दोन्ही लिंगांना चालतं. महिला हॉकीवर लिहितानाही ‘कसबी गोलरक्षक’च लिहावं. संघांची संख्या सांगायचीच असेल तर ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ आहेच, नवा शब्द घडवायची गरज नाही.

‘बदली गोलरक्षक’ मात्र लिहू नका. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावात बदली म्हणजे सकाळी गिरणीच्या दारात उभा राहून कायम कामगार गैरहजर असेल तरच आत जाणारा. ते त्या दिवसाचं स्थान झालं, माणसाची लायकी नव्हे. 48 सामने हरलेल्या त्या हंगामात स्मिथ 78 पैकी 71 सामन्यांत गोलमध्ये उभा होता.