वेल्डिंगवर आळ घेण्याआधी

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये बारकोड स्कॅनर वायफायवर चालतात. दिवसातून चार-पाच वेळा त्यांचं कनेक्शन तुटतं. सगळे वेल्डिंगला दोष देतात. स्पेक्ट्रम ॲनालायझर आणलाय, पण स्क्रीनवर नुसत्या वळवळत्या रेघा. काय बघायचं? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे, ते हे यंत्र दाखवतं. आधी ते वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोचतं का ते पाहा. साधा टायनीएसए (खिशात मावणारा ॲनालायझर) ९६० मेगाहर्ट्झलाच थांबतो, ‘अल्ट्रा’ हवा. सेंटर २४४० मेगाहर्ट्झ, स्पॅन (स्क्रीनवर दिसणारा पट्टा) १०० मेगाहर्ट्झ, आरबीडब्ल्यू (एका वेळी ऐकायच्या फटीची रुंदी) ३०० किलोहर्ट्झच्या आसपास. एक ट्रेस (रेघ) लाइव्ह, दुसरा मॅक्स होल्डवर, म्हणजे आतापर्यंतची सर्वांत उंच पातळी धरून ठेवणारा. हे यंत्र एका क्षणी एकच फ्रिक्वेन्सी ऐकतं, त्यामुळे क्षणभराचा सिग्नल निसटतो. मॅक्स होल्ड निदान दहा मिनिटं राहू द्या, तेही बिघाडाच्या वेळीच.

२४१२, २४३७, २४६२ भोवती सपाट माथ्याचे, २० मेगाहर्ट्झ रुंद ढीग म्हणजे वायफाय. पट्टाभर विखुरलेल्या बारीक काड्या, ब्लूटूथ. २४५०च्या पुढेमागे ओबडधोबड डोंगर दिसला तर स्पॅन शून्य करा (म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी वेळेनुसार दिसते), स्वीप, म्हणजे स्क्रीनभरचा वेळ, १०० मिलिसेकंद ठेवा. ठोके बरोबर २० मिलिसेकंदांनी पडले तर कँटीनचा मायक्रोवेव्ह गाठा. ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात त्याचा मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारी नळी) एकदाच पेटतो. (इन्व्हर्टरवाल्याचं चित्र वेगळं.) जराही न थांबणारा, काही मेगाहर्ट्झ रुंद सिग्नल बहुधा जुन्या ॲनालॉग वायरलेस कॅमेऱ्याचा. सगळ्यात चिवट त्रास याचाच, कारण वायफाय हवा मोकळी व्हायची वाट बघत बसतं.

वेल्डिंगचा आणि व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) गोंगाट मुख्यतः काही दहा मेगाहर्ट्झच्या खाली असतो, २.४ला तो जवळपास दिसणारच नाही. म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत! विजेच्या लाईनमधून घुसून ते ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) रीस्टार्ट करू शकतात. त्याचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. तो शून्यापासून मोजायला लागला असेल तर हवेत शोधणं सोडा, अर्थिंग आणि ॲडॅप्टर तपासा.

उगम शोधताना पत्र्याची शेड फसवते, परावर्तनामुळे अँटेना भलतीकडेच बोट दाखवतो. एका जागेच्या रीडिंगवर विसंबू नका, चार-पाच ठिकाणी घ्या. जवळ गेल्यावर १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) बाहेरून जोडा. खरा सिग्नल १०नेच उतरतो. ३०च्या आसपास उतरला तर तो ॲनालायझरच्याच पोटात तयार झालाय. शेवटी यंत्र बॅटरीवर ठेवून एकेक एमसीबी (विजेच्या बोर्डातला स्विच) पाडा आणि कुठला पाडल्यावर सिग्नल जातो ते बघा.

प्रश्न : मंडळाचे तीन वायरलेस माइक ६१०, ६१२ आणि ६१४ मेगाहर्ट्झवर आहेत. दोन नीट चालतात, तिसरा लावला की खरखर. – एक वाचक, निपाणी

उत्तर : समान अंतर हाच घोटाळा. ६१२च्या दुपटीतून ६१० वजा केले की ६१४च येतात, म्हणजे पहिल्या दोघांचं मिश्रण तिसऱ्याच्या डोक्यावर. तिसरा ६१५.३वर न्या. इथे साधा टायनीएसएही पुरतो, फक्त स्टेजची एलईडी वॉल चालू करून मगच स्कॅन करा. तिच्यामुळे तळाची रेघ (गोंगाटाची पातळी) वर चढते, आणि दुपारी मोकळी दिसलेली फ्रिक्वेन्सी रात्री मोकळी राहत नाही.