‘ॲप्लिकेशन’ला जर्मनमध्ये एकच शब्द नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी फाइल डोळ्यांसमोर आली. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचं जर्मन भाषांतर करून घेताय, एक ॲप ‘ॲप्लिकेशन’ला आंट्राग म्हणतंय, दुसरं आनवेंडुंग, आणि एजंट म्हणतो कुठलाही चालेल. नाही चालत. त्या एका शब्दापायी माझे पाच महिने गेले.

मराठीत आपण नोकरीसाठीही अर्जच करतो आणि रेशनकार्डासाठीही, म्हणून फरक चटकन जाणवत नाही. व्हिसा, आनएर्केनुंग (म्हणजे आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता), अशा गोष्टींवर सरकारी कचेरी नियम बघून निर्णय देते, तिथे आंट्राग. (त्याच्यासोबत ‘श्टेलन’ हे क्रियापद येतं, ‘माखन’ म्हणजे ‘करणे’ नाही.) चार जणांतून निवड व्हायची असेल, म्हणजे हॉस्पिटलातली जागा वगैरे, तिथे बेवेर्बुंग. पेटंटचा अर्ज तर आनमेल्डुंग. पण तुमच्या अभ्यासक्रमात यांपैकी एकही अर्थ नाही! तिथे कोणी कोणाकडे काही मागत नाही. तिथे काहीतरी लावायचंय, बांधायचंय, वापरायचंय.

माझ्या ‘नर्सिंग फाउंडेशन’ या विषयात ‘हॉट अँड कोल्ड ॲप्लिकेशन्स’ होतं. गरम पाण्याची पिशवी, बर्फाची पिशवी, थंड पाण्याच्या पट्ट्या. जर्मनमध्ये हे वेर्मे- उंड केल्टेआनवेंडुंगन. ज्या भाषांतरवाल्यांना मी पैसे मोजले (नाव घेत नाही) त्यांनी दिसेल त्या ॲप्लिकेशनच्या जागी आंट्राग घातला. गरम आणि थंड आंट्रेगे. बँडेजचा आंट्राग, तिथे हवं होतं आनलेगन. मलमाचा आंट्राग, तिथे आउफट्रागन. तीस पानांत हेच, खाली गोल शिक्का.

आणि मी काय तपासलं? नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, तासांची बेरीज. जर्मनची बी-टू पातळी झालेली असूनही मजकूर वाचला नाही, हे आजही लागतं मनाला. जर्मनीतल्या मान्यतेच्या कार्यालयाचं पत्र आलं की प्रात्यक्षिकांत नेमकं काय शिकवलं ते कळत नाही, नवं भाषांतर पाठवा. भाषांतरवाल्यांना फोन केला तर म्हणे, मॅडम, डिक्शनरीत हाच शब्द आहे, दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील. रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे होते ते. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्यांदा मी जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकार बाईंकडे दिलं. अशांची यादी तिथल्या न्यायखात्याच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. देण्याआधी जिथे जिथे ॲप्लिकेशन होतं तिथे पेन्सिलने कृती लिहिली: शेकणे, बांधणे, चोळणे, वापरणे. एक रविवार गेला, पण बाईंनी एकही प्रश्न परत विचारला नाही.

हा माझा अनुभव, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्यातला. प्रत्येक राज्याचं कार्यालय वेगळं आणि कागदांच्या मागण्याही वेगळ्या, तेव्हा तुमच्या कार्यालयाला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्या. भाषांतरात काय लिहावं हे मी कायद्याने सांगू शकत नाही, मी नर्स आहे.

जाता जाता, ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ही बघून घ्या. पेशंटला औषध देणं असेल तर फेरआब्राइखुंग, वॉर्डचा कारभार असेल तर फेरवाल्टुंग. माझ्या पहिल्या भाषांतरात इंजेक्शनलासुद्धा फेरवाल्टुंगच होतं.