हमीपत्रावर सही केली, म्हणून इन्शुलिनची चूक माफ होते का?

ऐरोलीहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न, थोडक्यात : माझे वडील (वय ७९) चौदा महिने घोडबंदर रस्त्यालगतच्या एका खासगी वृद्ध सेवा केंद्रात राहत होते. दरमहा ३८,००० रुपये शुल्क असून, त्यात ‘शुश्रूषा व वेळेवर औषधे देणे’ समाविष्ट असल्याचे पावतीवर छापलेले आहे. गेल्या महिन्यात रुग्णालयातून सोडताना डॉक्टरांनी त्यांचे जुने मिश्र इन्शुलिन बंद करून रात्री एकदा ग्लार्जिन १६ युनिट लिहून दिले. ती बाटली मीच केमिस्टकडून आणून केंद्रात दिली. पाचव्या पहाटे वडील बेशुद्ध सापडले, शुगर ३४ होती. त्यांना चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि १,९०,००० रुपये खर्च आला. परिचारिका जुन्याच लाल टोपणाच्या सिरिंजने इन्शुलिन देत होती, असे नंतर कळले. केंद्राचे म्हणणे असे : ‘औषधांच्या परिणामांस संस्था जबाबदार नाही’ या हमीपत्रावर तुमची सही आहे, परिचारिका बाहेरच्या, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ब्यूरोची आहे आणि बाटली तुम्हीच आणली होती. ‘कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास ५०,००० रुपये अनामत परत करू, असेही ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर :

आपल्या पत्रातली एक ओळ, ‘बाटली मीच नेऊन दिली, म्हणजे चूक माझीच ना,’ हिच्यापासून सुरुवात करतो, कारण केंद्राचा सगळा बचाव आपल्या या अपराधीपणावर उभा आहे. आपण डॉक्टरांनी लिहिलेले औषध, लिहिलेल्या नावाने, बिल घेऊन आणले आणि ज्यांनी ते देण्याचे पैसे घेतले होते त्यांच्या हाती सोपवले. त्यात चूक नाही. चूक कुठे झाली हे पाहण्यासाठी आधी थोडे गणित करावे लागेल, आणि हेच गणित पुढे ग्राहक आयोगासमोर आपला सर्वांत मजबूत पुरावा ठरेल.

आपल्याकडे इन्शुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांत मिळते. साध्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर इन्शुलिन टोचण्याच्या पेनच्या काडतुसांत आणि ग्लार्जिनसारख्या इन्शुलिनच्या बाटल्यांत १०० युनिट असतात. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असते आणि शंभरच्या सिरिंजला नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजवर १६ च्या खुणेपर्यंत औषध ओढले की ते ०.४ मिलिलिटर भरते. बाटली चाळीसची असती तर ते बरोबर १६ युनिट झाले असते, पण बाटली शंभरची असल्याने आपल्या वडिलांच्या शरीरात प्रत्येक रात्री ४० युनिट, म्हणजे लिहून दिलेल्याच्या अडीचपट इन्शुलिन गेले. ग्लार्जिनचा अंमल जवळपास दिवसभर राहतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सकाळी घाम येणे, ग्लानी, बोलण्यात असंबद्धता अशी लक्षणे दिसत होती का, आणि ‘वयामुळे होते’ म्हणून ती कोणी झटकून टाकली का, हे आठवून आजच तारीखवार लिहून ठेवा. भेटीला गेलेल्या नातेवाइकांनाही विचारा.

आता ती बाटली. पाच रात्री बरोबर डोस गेला असता तर बाटलीतून ०.८ मिलिलिटर औषध कमी व्हायला हवे होते, आणि चुकीच्या सिरिंजने गेले असेल तर साधारण २ मिलिलिटर. सुरुवातीला किती औषध होते हे लेबलवर छापलेले असते आणि बॅच क्रमांक केमिस्टच्या बिलावर मिळतो. म्हणून ती बाटली, उरलेल्या सिरिंज, औषधे दिल्याची नोंदवही, शुगरच्या नोंदी आणि त्या पाच दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण जसेच्या तसे जपून ठेवावे, अशी लेखी सूचना केंद्राला या आठवड्यातच द्या. ती ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवून पोहोच सांभाळून ठेवा. चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण चढते. वकिलाची सविस्तर नोटीस पंधरा दिवसांनी गेली तरी चालेल, पण ही अर्ध्या पानाची सूचना थांबवू नका. तिच्यानंतर बाटली ‘सापडत नाही’ किंवा नोंदवही ‘नव्याने लिहिली’ असे झाले, तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढावा अशी विनंती आयोगाला करता येते.

रुग्णालयाकडून संपूर्ण केस पेपरची प्रत मागा, केवळ डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. दाखल होतानाच्या नोंदीत चुकीच्या सिरिंजचा उल्लेख आहे का आणि एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली गेली होती का, ते पाहा. केंद्र उद्या म्हणेल की आजोबा रात्री जेवले नव्हते, किंवा मूत्रपिंडे मंदावल्यामुळे शुगर उतरली. म्हणून त्या वेळचे क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) रिपोर्ट आणि शुगर कशामुळे उतरली याबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दोन ओळींचे मत आताच घेऊन ठेवा. तज्ज्ञाचा अहवाल प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव प्रकरणात २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही समोरचा पक्ष वैद्यकीय कारणे पुढे करणार असेल, तर आपल्याकडे कागद असलेला बरा.

हमीपत्राविषयी. ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅट घेतलेल्या माणसाला एकतर्फी करारनामा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. बिल्डरांच्या अशाच एकतर्फी कलमांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. त्यामागचे तत्त्व, म्हणजे ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या ग्राहकाला असे कलम बांधू शकत नाही, हे आपल्यालाही उपयोगी पडेल. औषधाचा स्वाभाविक दुष्परिणाम आणि औषध देणाऱ्याची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य मात्रा देऊनही त्रास झाला असता तर हमीपत्राला काही अर्थ राहिला असता, पण अडीचपट मात्रा देण्याची मुभा त्या सहीने कोणालाही मिळत नाही. एक तांत्रिक बाब मात्र लक्षात ठेवा. करारातील कलमच ‘अनुचित’ ठरवून रद्द करण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग यांना आहे. म्हणून जिल्हा आयोगासमोर कलम रद्द करण्याची मागणी करत बसू नये. सेवेतील त्रुटी आणि नुकसानभरपाई यांवरच भर द्यावा आणि हमीपत्र हा त्रुटीचा बचाव होऊ शकत नाही, एवढेच मांडावे.

‘परिचारिका ब्यूरोची आहे’ हा बचाव त्याहूनही दुबळा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरण आपल्या प्रकरणाच्या फार जवळचे आहे. तिथे परिचारिकेने एका लहान मुलाला चुकीचे इंजेक्शन दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. रुग्णालयाला जबाबदार धरण्यात आले. तसेच मूल आणि पैसे देणारे आईवडील असे दोघेही कायद्याने ‘ग्राहक’ आहेत, असे ठरून मुलाला १२.५ लाख आणि आईवडिलांना ५ लाख रुपये भरपाई कायम झाली. त्याच न्यायाने आपले वडील आणि आपण, दोघेही तक्रारदार होऊ शकता. पुढे २००४ च्या सविता गर्ग प्रकरणात असे ठरले की डॉक्टर पगारी असो वा बाहेरून बोलावलेला, जबाबदारी संस्थेची असते आणि काळजी घेतली हे दाखवण्याचे ओझेही तिच्यावर येते. ब्यूरोशी आपला करार नाही आणि आपण तिला पैसे दिलेले नाहीत. केंद्राला हवे तर त्यांनी ब्यूरोकडून वसूल करावे. तरीही परिचारिकेचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेतील नोंदणी क्रमांक लेखी मागा. ब्यूरोमार्फत येणाऱ्या सगळ्याच मुली नोंदणीकृत परिचारिका असतात असे नाही. काही ठिकाणी आठवडाभर रुग्णाशेजारी बसलेल्या मावशीच ‘सिस्टर’ होतात. क्रमांक मिळाला नाही, तर आपले काम निम्मे झाले असे समजा.

तक्रार कुठे करावी? आपण ऐरोलीत राहता आणि केंद्रही ठाणे जिल्ह्यातच आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, आणि ठाणे जिल्ह्यासाठी नवी मुंबईत अतिरिक्त आयोग आहे. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. चौदा महिन्यांचे ५,३२,००० रुपये होतात. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगाचे क्षेत्र असल्याने तक्रार तिथेच जाईल, आणि मोबदला ५ ते १० लाखांच्या टप्प्यात असल्याने शुल्क केवळ २०० रुपये लागेल. मुदत घटनेपासून दोन वर्षे आहे. सामनेवाल्यांना, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला. रुग्णालय, केमिस्ट, भेट देणारा डॉक्टर अशा सगळ्यांना सामनेवाले करण्याचा मोह टाळा. डिस्चार्ज कार्डावर ‘१०० ची सिरिंज वापरावी’ असे लिहिले नसेल, तरी बाटलीवरची तीव्रता वाचणे हे शुश्रूषेचे पैसे घेणाऱ्याचे काम आहे. ज्या डॉक्टरांची साक्ष आपल्याला हवी आहे, त्यांनाच आरोपीच्या बाकावर बसवण्यात शहाणपण नाही.

पोलिसांत जावे का? भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली, जीव धोक्यात घालणाऱ्या बेपर्वा कृत्याबद्दल गुन्हा नोंदवता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणातील निकालापासून (२००५) वैद्यकीय निष्काळजीपणा फौजदारी ठरण्यासाठी तो अत्यंत गंभीर असावा लागतो, आणि पोलीस पुढे जाण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत मागवतात. माझे मत असे की परिचारिका नोंदणीकृत नसल्याचे निघाले तरच स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. एरवी हा मार्ग आपली दोन वर्षांची मुदत खाऊन टाकेल.

याहून अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज, ज्याला दहा रुपये शुल्क लागते आणि उत्तराची मुदत तीस दिवस असते. हे केंद्र महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेले आहे का, एवढेच विचारा. त्या कायद्यात शुश्रूषागृहाची व्याख्या आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्याची जागा, अशी व्यापक आहे. नुसत्या जेवणाखाण्याच्या वृद्धाश्रमाला ती लागू होणार नाही, पण जिथे रोज इन्शुलिन टोचले जाते, नळीने अन्न दिले जाते आणि त्याचे पैसे घेतले जातात, ती जागा या व्याख्येत बसते, असे मला वाटते. वृद्ध सेवा केंद्रांसाठी किमान निकष आणि नोंदणी सुचवणारे केंद्रीय दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सध्या याच जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

वडिलांना पुढे दुसऱ्या केंद्रात ठेवण्याचा विचार असल्याचे आपण लिहिले आहे. त्या वेळी छापील फॉर्मवर सही करण्याआधी आपले एक पान त्याला जोडा आणि त्यावर त्यांची सही घ्या. इन्शुलिन, ॲसिनोकुमारॉल किंवा वारफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, डिगॉक्सिन, आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या यांची नावे त्यात वेगळी लिहा, कारण यांपैकी काहींमध्ये थोडीशी चूकही जिवावर बेतू शकते. ही औषधे कुलूपबंद राहतील, देताना दुसरी व्यक्ती नाव, तीव्रता, मात्रा आणि सिरिंज पडताळून सही करेल, इन्शुलिनआधी शुगर मोजून नोंदवली जाईल आणि ती ७० च्या खाली असेल तर डोस न देता डॉक्टरांना व आपल्याला फोन केला जाईल, असे त्यात असावे. रुग्णालयातून परतल्यावर जुनी आणि नवी औषधांची यादी समोरासमोर ठेवून जुन्या बाटल्या आणि सिरिंज त्याच दिवशी काढून टाकण्याची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहा. वडिलांच्या बाबतीत चूक नेमकी याच दिवशी झाली. मेथोट्रेक्सेट असेल तर वारही लिहा. शक्य झाल्यास ग्लार्जिन बाटलीऐवजी पेनने देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पेनला सिरिंज लागत नाही, म्हणून ही विशिष्ट चूक तिथे होत नाही.

राहिला अनामतीचा प्रश्न. ते ५०,००० रुपये आपलेच आहेत. वडिलांनी खोली सोडल्यावर करारानुसार ते परत मिळणे ही भरपाई होत नाही. ‘कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून दिलेत, तर तो कागद तक्रारीच्या पहिल्याच तारखेला सामनेवाल्यांच्या लेखी म्हणण्याला जोडलेला दिसेल आणि तो दबावाखाली दिला हे सिद्ध करत बसावे लागेल. म्हणून तो लिहून देऊ नका. रुग्णालयाच्या बिलामुळे हातात पैसे नसतील आणि रक्कम घेणे भागच असेल, तर बँकेतूनच घ्या आणि पावतीवर स्वतःच्या अक्षरात एवढेच लिहा : ‘करारानुसार परत मिळणारी अनामत रक्कम मिळाली, इन्शुलिनच्या घटनेबाबतचे सर्व हक्क राखून.’ त्यांना हे वाक्य चालत नसेल तर अनामत तशीच राहू द्या. ती रक्कम तक्रारीत वेगळी मागणी म्हणून घालू.