हायबरनेटमध्ये (जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांना जोडणारं टूल) एक पेरेंट आणि तीन चाइल्ड क्लास असतील तर टेबल किती करायचे? जॉइन्ड (पेरेंटचं एक टेबल आणि त्याला जोडलेलं प्रत्येक चाइल्डचं एक) स्लो पडते का?

भाऊ, टेबल किती ते नंतर पाहू, आधी हे सांगा की तुमच्या पेरेंटला जोडलेलं दुसरं काही आहे का? पावती, पेमेंट, असं काही, ज्याला चाइल्ड कोणता याच्याशी घेणंदेणं नाही. असेल तर पेरेंटचं टेबल न ठेवता प्रत्येक चाइल्डचं सुटं टेबल करू नका. बिलकुलच नका.

2018 चा हंगाम. आमच्या तालुक्यातल्या एका खाजगी खरेदीवाल्यासाठी सॉफ्टवेअर करून राहिलो होतो, जावा, हायबरनेट, मायएसक्यूएल. आवक हा पेरेंट, त्याच्याखाली कापूस, सोयाबीन, तूर. कास्तकाराचं नाव, वजन, ओलावा हे तिघांत सारखं, कापसाला वरून धाग्याची लांबी आणि सोयाबीनला डागी न् माती-कचरा. सीनियर नागपूरला बसत. त्यांचं म्हणणं, खरेदीवाल्याकडे पिकाचं रजिस्टर वेगळं आहे ना, मग टेबलही वेगळं. आधी त्यांनी टेबल पर क्लास लावलं, म्हणजे प्रत्येक चाइल्डचं पूर्ण वेगळं टेबल, पण त्यात हायबरनेट ऑटो इन्क्रिमेंट आयडी घेतच नाही, सुरू होतानाच एरर देते, कारण सगळ्या चाइल्ड टेबलांत मिळून आयडी एकदाच यायला पाहिजे. तिथंच थांबायला पाहिजे होतं. सीनियरनी पेरेंटला मॅप्ड सुपरक्लास करून टाकलं, म्हणजे पेरेंटचे कॉलम चाइल्डला मिळतात, पण हायबरनेटसाठी पेरेंट हा वेगळा असा राहतच नाही. एरर गेली आणि तिन्ही टेबलं आपापले नंबर एकपासून द्यायला लागली.

मी फोनवर विचारलं की साहेब, चुकाऱ्याच्या (कास्तकाराला द्यायच्या पैशाच्या) टेबलातून फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी डेटाबेसनं सांभाळलेली जोडणी) कुठं लावू, आवक नावाचं टेबलच नाही. तर म्हणे आवक आयडी आणि पीक असे दोन कॉलम ठेव, बाकी कोडमधून सांभाळ.

चुकाऱ्याचे स्क्रीन होते दोन, त्यातल्या एकात पीक सेव्ह व्हायचं राहून गेलं, आणि पीक रिकामं असलं की कोड कापूस धरून चालत होता. सोयाबीनची 412 नंबरची पावती आली, कापसातही 412 होतीच, रक्कम गेली सोयाबीनची आणि खातं निघालं कापूसवाल्याचं. डेटाबेस चूप. तो तरी काय पकडणार, 412 कोणतं हे त्याला माहीतच नव्हतं. सोयाबीनवाले म्हातारे कास्तकार काटापट्टी हातात घेऊन तीनदा आले, दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं होतं, आणि खिडकीवरून त्यांना सांगून राहिले की तुमचे पैसे तर जमा झाले. माझ्या घरी पण सोयाबीनच आहे, त्या पैशाची वाट कशी पाहतात ते मला माहीत आहे. पैसे शेवटी मिळाले, पण मीटिंगमध्ये सीनियर बोलले की ऑपरेटरची चूक. काहून ऑपरेटरची? त्या स्क्रीनवर पीक निवडायची जागाच नव्हती!

आणि त्याच खरेदीच्या गेटवर मुनीमजी एक वही ठेवत. गाडी कापसाची असो का तुरीची, नंबर ओळीनं एकच चालायचा, मग तोच नंबर पिकाच्या रजिस्टरला. जॉइन्ड म्हणजे नेमकं हेच, चाइल्डची प्रायमरी की (ओळीचा ओळख नंबर) तीच पेरेंटकडे जाणारी फॉरेन की. सीनियरनी पिकाची रजिस्टरं पाहिली, गेटवरची वही पाहिली नाही, कारण गेटवर ते कधी आलेच नाहीत.

हंगाम संपल्यावर मीच सगळं एका टेबलात आणलं. जुने आयडी एकमेकांवर येत होते म्हणून सगळ्यांना नवीन आयडी, जुना नंबर आणि पीक वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवले, आणि चुकाऱ्याची एकेक ओळ कागदाच्या पावतीशी ताडून मगच फॉरेन की लावली.

तर तुमच्या केसमध्ये, तीन चाइल्ड आणि चार-पाच कॉलमचा फरक असेल तर सरळ सिंगल टेबल, म्हणजे पेरेंट आणि चाइल्ड सगळे एकाच टेबलात. चाइल्डचे कॉलम त्यात नॉट नल (रिकामे चालणार नाहीत असे) करता येत नाहीत ही खोट आहेच, त्यासाठी चेक कन्स्ट्रेंट लावा की पीक सोयाबीन असेल तर डागी रिकामं नको. पण मायएसक्यूएल 8.0.16 च्या आधीचं असेल तर ते चेक लिहू देते आणि पाळत मात्र नाही, आधी व्हर्जन पाहा. डिस्क्रिमिनेटरची (ओळ कोणत्या चाइल्डची हे सांगणाऱ्या कॉलमची) व्हॅल्यू स्वतः द्या, नाही तर क्लासचं नाव जाऊन बसते आणि उद्या क्लासचं नाव बदललं की जुन्या ओळी उघडत नाहीत.

जॉइन्ड स्लो म्हणाल तर तीन चाइल्डला काही जाणवत नाही. पेरेंटवर क्वेरी केली की सगळ्या चाइल्डचे लेफ्ट जॉइन लागतात, म्हणजे प्रत्येक चाइल्डचं टेबल जोडावं लागते, पंधरा-वीस चाइल्ड असले तर मग जाणवेल. खरी अडचण अशी की कास्तकार पेरेंटमध्ये आणि डागी चाइल्डमध्ये असली तर दोन्ही कॉलम मिळून एक इंडेक्स (ओळी लवकर शोधायची सूची) होत नाही. चाइल्डचे कॉलम खूपच वेगळे असतील तर तरीही जॉइन्डच घ्या.

हो, आणि पेरेंटला काहीच जोडलेलं नसेल, सगळ्यांची मिळून यादी कधी लागणारच नसेल, तर मॅप्ड सुपरक्लास चालते, त्याला माझी ना नाही. तुमचं पेमेंट का पावती नेमकी कशाला जोडली आहे ते लिहा, मग पुढचं सांगतो.