कॅमेऱ्याआधी राजीनाम्याची तारीख बघा

प्रश्न : वय 32, मूळ गाव बीडजवळ. पुण्यात एका कंपनीच्या व्हिडिओ विभागात 4 वर्षं 4 महिने कायम नोकरी, बेसिक 26,000. ऊसतोड कामगारांवर माहितीपट करायचाय. दिवाळीत राजीनामा देऊन पीएफचे 2 लाख 60 हजार काढणार, बाकी ईएमआय. सोनी एफएक्स3 घेऊ (3 लाख 40 हजार) की एफएक्स30 (1 लाख 70 हजार)? फिल्म ओटीटीला गेली की वर्षभरात पैसे सुटतील. आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत, वडिलांना डायबेटिस आहे. पण बँकेनं 'मेडिकल कव्हरसकट' दिलेली 60,000 हप्त्याची पॉलिसी आहे, म्हणून ती काळजी नाही.

उत्तर : कॅमेऱ्याचं नंतर बोलू. आधी हा राजीनामा थांबवा.

ग्रॅच्युइटीला 5 वर्षं लागतात आणि तुम्ही 8 महिने आधी उठताय. 26,000 बेसिकवर वर्षाला 15,000, म्हणजे 75,000 रुपयांवर पाणी. पीएफही 5 वर्षांच्या आत काढलात तर करपात्र होतो. आणि मुळात तो काढायचाच कशाला? 2024-25 साली त्यावर 8.25 टक्के व्याज मिळालं. दर असाच राहिला तर पैसे पावणेनऊ वर्षांत दुप्पट. तुमच्या 58 पर्यंत जवळपास तीनदा दुप्पट : 2.6 लाखांचे 20 लाखांच्या वर. एफएक्स3 ची खरी किंमत ही आहे.

आता ती पॉलिसी. पाठवलेल्या कागदांचं तिसरं पान वाचा. 'मेडिकल' म्हणजे 3 लाखांचा गंभीर आजाराचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कलम), तोही एकट्या तुमच्या नावावर. यादीतल्या आजाराचं निदान झालं तरच पैसे. वडिलांच्या पायाची जखम चिघळली आणि दहा दिवस ॲडमिट करावं लागलं, तर यातून एक रुपया येणार नाही. विकणाऱ्यानं तुम्हाला चक्क फसवलंय, आणि त्याच भरवशावर तुम्ही वडिलांचा खरा विमा सोडायला निघालात. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी लेखी अर्ज करा; जुन्या पॉलिसीत काढलेला काळ मोजला जातो. नव्यानं घ्यायला गेलात तर डायबेटिससाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्या पॉलिसीचा पुढचा हप्ता भरण्याआधी सरेंडर (बंद केली तर हातात किती) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवले तर विमा किती उरतो), दोन्ही आकडे लेखी मागवा आणि मला कळवा.

ओटीटीचे पैसे हिशेबात शून्य धरा. पहिल्या माहितीपटावर ईएमआय फिटेल, असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि कॅमेरा? या हंगामात विकत घेऊच नका. शनिवार-रविवार आणि शिल्लक रजा धरून 20 दिवस उसाच्या फडावर जा. दिवसाला 3,000 भाडं धरलं तरी 60,000 होतात. पहाटे चारला ट्रॅक्टरच्या उजेडात तोड चालू असते, तिथे एफएक्स3 चा 12,800 चा वरचा बेस आयएसओ (अंधारातही चित्र स्वच्छ ठेवणारी संवेदनशीलता) खरंच कामाला येतो. एफएक्स30 चा वरचा बेस 2,500 आहे. पण दिवसाच्या उजेडात, कोपीसमोर (मजुरांच्या झोपडीसमोर) स्वयंपाक करणारी बाई बोलतेय तेव्हा, दोन्हींतला फरक प्रेक्षकाला दिसणार नाही. तिचं बोलणं वाऱ्यात गेलं, तर मात्र लगेच कळेल. तुमच्या यादीत माइक नाही! हार्ड डिस्कही नाही. 100 एमबीपीएसनं फोरके घेतलं तर तासाला 45 जीबी. 80 तासांचे 3.6 टीबी, दोन प्रती ठेवल्या की सात टीबीच्या वर. एफएक्स30 घ्यायचाच तर पुढच्या हंगामाआधी, ग्रॅच्युइटी आणि दरम्यान साठवलेल्या पगारातून, रोखीनं. रात्रीच्या शूटपुरता एफएक्स3 भाड्यानं आणा.

5 वर्षं जून-जुलैत भरतात. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतलेल्या असतील आणि मुकादम (मजूर पुरवणारा) पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटायला लागलेला असेल. राजीनामा तेव्हा द्या. ती उचल घेतानाचे चेहरे तुम्हाला शूट करायचेच असतील.