अल्कलाइन आहारासाठी हरभरे, भाज्या आणि गरम मसाले वापरून रोजचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरला तुम्ही आणि आई दोघीच असता. आईंना जळजळ होते. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं की शरीर अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, ठेवायचं, त्यासाठी दूध-मांस सोडून चणे, भाज्या आणि गरम मसाले खायचे. आता हे आपल्या चवीनं कसं करायचं, असा प्रश्न. मी लातूरला बरीच वर्षं पोरांची मेस चालवली, त्या जोरावर सांगते.

आधी त्या शब्दाबद्दल. आमच्या शेतकऱ्यांना अल्कलाइन म्हटलं की धास्तीच वाटते. जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा पीएच, वाढला, ती चोपण झाली, की पीक बसलंच. माणसाच्या रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहतो, आणि तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. तुम्ही मेथी खा नाहीतर मटण, तो हलत नाही. बदलतो तो लघवीचा. पोटात तर आम्ल हवंच, त्याशिवाय अन्न पचणार कसं?

मग हे सगळं थोतांड का? तसंही नाही. भाज्या-फळांतल्या आंबट क्षारांचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणून लिंबू जिभेला आंबट लागलं तरी आत गेल्यावर अल्कलीच्या बाजूनं पडतं. उलट प्रथिनांतल्या गंधकामुळे आम्ल तयार होतं. म्हणजे हरभरा स्वतः थोडा आम्लाकडेच झुकतो, हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं नसावं. म्हणून हरभरे सोडायचे नाहीत, प्रथिनं आणि चोथा त्यातूनच मिळतो. फक्त एक वाटी हरभऱ्यांना तीन वाट्या माळवं, म्हणजे भाज्या, हे प्रमाण धरायचं.

हरभऱ्याच्या आंबटपणावरून आठवलं. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या रानातून चालत गेलात तर पाय चुरचुरतात. पानांवर आंब धरलेली असते. जुन्या बायका रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरायच्या आणि सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायच्या, पोटदुखीवर. औषध म्हणून मी तुम्हाला सुचवणार नाही. पण कोवळा पाला मिळाला तर बारीक चिरून कांदा, मीठ आणि दाण्याचा कूट घालून घोळाणा करा. भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

आता हरभरे शिजवण्याचं. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवसांत आमच्या मेसमध्ये कधी टँकर, कधी शेजारच्या बोअरचं पाणी. एकाच पोत्यातले काबुली चणे सोमवारी लोण्यासारखे, गुरुवारी गोट्या. मी दुकानदाराशी भांडूनही आले. नंतर ध्यानात आलं, की दोष पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीला घट्ट धरून ठेवतं. मग मी चिडून एका पातेल्यात मूठभर खायचा सोडा टाकला. चणे शिजले, पण आमटीला साबणासारखी चव, सालं वेगळी तरंगतायत, आणि पोरं म्हणाली, "काकू, आज निरमा का?"

गंमत अशी, की त्या पातेल्यातली खरी अल्कलाइन वस्तू सोडाच होता. तोच जास्त झाला की ब१ जीवनसत्त्व मरतं आणि सोडियम वाढतं. त्यापेक्षा एक लिटर फिल्टरच्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून हरभरे रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेकून साध्या पाण्यात कुकरला लावा. मिठातलं सोडियम कॅल्शियमला सालीतून बाहेर काढतं. चिंच, टोमॅटो, आमसूल काहीही आंबट असो, दाणा बोटात चुरडेपर्यंत घालायचं नाही, नाहीतर तो तसाच राहतो. आणि वर्षभर उकाड्यात पडलेले जुने हरभरे कितीही शिट्ट्या दिल्या तरी हट्टीच.

पदार्थ विचाराल तर नवा शोधायची गरजच नाही. लातूर-धाराशिवकडे येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी करतात. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, जे रानात असेल ते सगळं एका पातेल्यात. काही घरांत ताक असतं, आमच्याकडे चिंचेचं पाणी आणि बेसन. म्हणजे दुधाचा थेंब नाही.

घरी रोजच्यासाठी असं करा. शिजलेले हरभरे एक वाटी. गाजर, दुधी, घेवडा, वांगं मिळून दोन वाट्या, वर मेथी किंवा पालक एक वाटी. दोन चमचे तेलात जिरं, हिंग, ठेचलेलं आलं-लसूण, हळद. त्यावर भाज्या परतून झाकण ठेवा, वाफेवर गळू द्या. मग हरभरे. दोन चमचे बेसन चिंचेच्या पातळ कोळात कालवून ओता आणि त्या दहा मिनिटांत पातेलं सोडून फोन घ्यायला जाऊ नका. ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या. बेसनाचा कच्चा वास गेला आणि वर बारीक बुडबुडे फुटायला लागले की पळीवाढी भज्जी तयार. मेथी-पालक शेवटी घाला.

मसाल्याचं जरा सांभाळून. गरम मसाला म्हणजे तिखट नव्हे. आईंसाठी सुंठ, जिरं, थोडी मिरी पुरे, वर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ, असेल तर अर्धा चमचा. काळा मसाला तुमच्या वाटीत घ्या, त्यांच्या नको. जळजळ बऱ्याचदा तिखटानं, तेलाच्या तवंगानं आणि जेवून लगेच आडवं होण्यानं वाढते; रात्रीचं जेवण साडेसातला उरकून बघा. गिळताना अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर स्वयंपाकघर सोडून आधी डॉक्टर गाठा. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पालकासारख्या पोटॅशियमच्या भाज्या वाढवण्याआधीही विचारा.

बरोबर ज्वारीची भाकरी. उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी घट्ट होते, तिला पाण्याचा हबका मारून गरम करा. मीठ मात्र चाखूनच घाला, हरभऱ्यांत ते भिजवतानाच गेलेलं असतं. मी पहिल्या वेळी विसरले आणि अख्खं पातेलं वाढीव बटाट्यांवर निभावून नेलं.