कोकण कपिला गाय म्हातारी झाली आहे, तिचा क्लोन करता येईल का?

शास्त्राने शक्य आहे, गोठ्याच्या खर्चात नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत (एनडीआरआय) 2023 साली गीर गायीचा क्लोन ‘गंगा’ जन्मली.

शेपटीच्या कातडीतल्या पेशी वाढवून, केंद्रक काढलेल्या अंडपेशीशी विजेच्या झटक्याने जोडतात. सात-आठ दिवसांनी भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडतात. बिघडतं ते इथेच: कातडीच्या पेशीचे जनुक भ्रूणासारखे पुरते वागत नाहीत, वार (गर्भाला पोसणारा भाग) नीट वाढत नाही, बहुतेक गर्भ पडतात. डॉली या प्रसिद्ध क्लोन मेंढीच्या वेळी 277 जोडलेल्या अंडपेशींतून एकच मेंढी जगली.

कातडीचा नमुना पशुवैद्यांकडून, गाय जिवंत असतानाच घ्या. तो थंड पोषक द्रावणात हवा, साध्या फ्रीझरमध्ये गोठवला तर पेशी फुटतात. आणि कोकणच्या दमट हवेत उघडा राहिला की लगेच जंतू धरतो.

वंशच टिकवायचा असेल तर तिच्या कालवडीला जातिवंत कपिला वळूचीच रेतमात्रा द्या, संकरित नको.